तक्रार म्हणजे भांडण नव्हे



शनिवारी रात्री साडेआठ वाजता माझ्या घरातला टीव्ही बंद होतो. स्वयंपाकघराच्या ओट्यावर लोणच्याच्या बरणीला टेकून मोबाईल उभा राहतो आणि मी समोर स्टूल घेऊन बसते. एकेक नाव पडद्यावर उमटू लागते. कुठे गुलाबाच्या फुलाचे चित्र, कुठे एखाद्या क्रिकेटपटूचे, कुठे नुसते आद्याक्षर. चेहरे दिसतात ते तीन-चारच. नववी-दहावीची वीस-बावीस मुले-मुली हजर होतात आणि आमचा नागरिकशास्त्राचा तास सुरू होतो.

हा तास 2020 च्या टाळेबंदीत सुरू झाला. त्या वेळी सगळेच विषय मोबाईलवर शिकवावे लागत होते. शाळा पुन्हा भरू लागल्या तेव्हा गणित, विज्ञान, इंग्रजी हे विषय वर्गात परत गेले. नागरिकशास्त्र मात्र मी शनिवारच्या रात्रीसाठी ठेवून दिले. खरे सांगायचे तर शाळेत या विषयाला कुणी विचारत नाही. दहावीला इतिहास व राज्यशास्त्र मिळून 40 गुणांचा पेपर असतो आणि त्यातला मोठा वाटा इतिहासाचा. जानेवारी उजाडला की सराव परीक्षा सुरू होतात आणि शेवटचे धडे 'घरी वाचून घ्या' या खात्यात जातात. मीही अनेक वर्षे तेच करत आले, हे कबूल करते.

मोबाईलवरचा तास काही बाबतींत सोयीचाही पडला. मगरिबनंतर आमच्या गल्लीतल्या मुलींना क्लासला बाहेर पाठवत नाहीत. आसपासच्या खेड्यांतून येणाऱ्या मुलांना शेवटची एसटी गाठायची असते. मोबाईलवर हे सगळे एकत्र येतात. फुकटच्या झूमची मुदत 40 मिनिटांची. त्यामुळे मला लांबण लावता येत नाही, हाही एक फायदाच म्हणायचा.

अडचणीही तेवढ्याच आहेत. एका घरात एक मोबाईल आणि तीन भावंडे. महिनाअखेरीला रिचार्ज संपलेला. कॅमेरा सुरू करा म्हणावे, तर मागे दोन खोल्यांचे घर, झोपलेले आजोबा, दोरीवरचे कपडे. म्हणून मी कॅमेऱ्याचा आग्रह सोडला. आवाज आला की पुरे. आवाज नसेल तर चॅटमध्ये लिहा. उर्दूत लिहा, मराठीत लिहा, आपल्या दखनीत लिहा. मला सगळे समजते.

पहिल्याच वर्षी एका शब्दाने माझी गंमत केली. उर्दू पुस्तकांत नागरिकशास्त्राला 'शहरियत' म्हणतात आणि नागरिकाला 'शहरी'. मी म्हटले, "आपण सगळे या देशाचे शहरी आहोत." लगेच खेड्यातल्या एका मुलाने माइक सुरू केला, "मॅडम, हम तो खेडे के हैं. हम शहरी कैसे हुए?" सगळे हसले. त्याचे चुकले नव्हते. मराठीत शहरी म्हणजे शहरात राहणारा. मग मी त्याला सांगितले की 'नागरिक' हा शब्दसुद्धा 'नगर' या शब्दावरूनच आला आहे. पण आपल्या संविधानाने खेड्यातल्या माणसाला आणि शहरातल्या माणसाला एकच मत दिले आहे. नांगर धरणारा जितका नागरिक, तितकाच नगराध्यक्ष. त्या मुलाने हे इतके मनावर घेतले की पुढे कितीतरी दिवस तो हजेरीला "खेडे का शहरी हाजिर" असेच म्हणायचा.

दुसरा धडा मला मुलांनीच दिला. 'निवडणूक प्रक्रिया' शिकवताना मला वाटले, वर्गप्रतिनिधी निवडून दाखवू. व्हॉट्सॲपच्या गटात पोल टाकला. दोन मुली आणि एक मुलगा उमेदवार. दहा मिनिटांत मतदान संपले, निकाल लागला. सोमवारी शाळेत पाहते तो दोन जिवलग मैत्रिणी एकमेकींशी बोलत नाहीत! व्हॉट्सॲपच्या पोलमध्ये कुणी कुणाला मत दिले ते नावासकट दिसते, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. एकीने दुसरीला मत दिले नव्हते आणि ते तिने डोळ्यांनी पाहिले होते.

पुढच्या शनिवारी मी माझी चूक सांगितली आणि निवडणूक रद्द केली. या वेळी गुगल फॉर्म बनवला. त्यात नाव, ईमेल काहीच विचारले नाही. वर्गाला विचारले, "आता काय फरक पडला?" एरवी गप्प राहणारी एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आता कुणाला घाबरायचं नाही." गुप्त मतदान का असते, यावर मी पंधरा वर्षे जे शिकवत होते ते त्या एका वाक्यात आले. मग मतदान यंत्राचा विषय निघाला. व्हीव्हीपॅटची चिठ्ठी काचेमागे सात सेकंद दिसते आणि मग पेटीत पडते. ती फक्त मत देणाऱ्यालाच का दिसते, हे आता मला समजवावे लागले नाही.

त्याच तासाला मागून भांड्यांचा आवाज येत होता. एका मुलीच्या घरून. मी म्हटले, "बेटा, माइक बंद कर." तेवढ्यात दुसराच आवाज आला, "मॅडम, मैं कुछ पूछूँ क्या?" ती त्या मुलीची अम्मी होती. भाकरी थापता थापता रोज ऐकत असे, हे मला त्या दिवशी कळले.

त्यांचा प्रश्न साधा होता. लग्नाला सतरा वर्षे झाली. मतदार यादीत नाव अजून माहेरच्या गावी. माहेर दीडशे किलोमीटरवर. दर निवडणुकीला घरचे सगळे सकाळी तयार होऊन मतदानाला जातात आणि या घर सांभाळतात. बोटाला शाई लागलेली सासू, दीर, नवरा परत येतात, त्यांना चहा करून देतात. "सतरा साल में किसी ने पूछा नहीं, मैंने बी बोली नहीं."

त्यांना सांगितले ते इथेही सांगते, कारण हे पान वाचणाऱ्या कितीतरी बहिणींची तीच गोष्ट असेल. यादीत नाव आहे पण पत्ता बदलला आहे, तर नमुना 8 भरायचा. नाव, वय, पत्ता यांतली चूक दुरुस्त करायलाही हाच नमुना. नाव कुठेच नसेल, किंवा वगळले गेले असेल, तर नमुना 6. निवडणूक आयोगाच्या ॲपवरून भरता येतो, नाहीतर आपल्या भागातल्या बीएलओकडे देता येतो. माहिती हवी असेल तर 1950 हा क्रमांक आहे. आणि तरुण मुलांसाठी एक बदल झाला आहे. पूर्वी फक्त 1 जानेवारीला अठरा पूर्ण झालेल्यांची नोंद त्या वर्षात व्हायची. 2022 पासून 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर अशा चार तारखा धरल्या जातात, आणि सतरा पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्जही करता येतो. म्हणजे बारावीत असलेली आपली मुलगी आजच अर्ज करून ठेवू शकते.

त्या अम्मींचा अर्ज त्यांच्या मुलीनेच मोबाईलवर भरला. बीएलओ घरी येऊन गेल्या. काही आठवड्यांनी यादीत नाव आले, तेव्हा मुलीने त्याचा फोटो वर्गाच्या गटात टाकला. तिच्या अब्बांनी खाली लिहिले, "मेरी गलती." एवढेच.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला, तिच्याकडे येते.

स्थानिक शासनाचा धडा चालू होता. मी काम दिले : आपल्या गल्लीतली एक अडचण शोधा, ती सोडवायची जबाबदारी कुणाची आहे ते लिहा. कुणी गटाराचा फोटो पाठवला, कुणी पाण्याच्या वेळेबद्दल लिहिले. ट्यूशनवरून परतणाऱ्या मुलींनी लिहिले की चौकापासून मशिदीच्या मागच्या वळणापर्यंत तीन खांबांवरचे दिवे चार महिने बंद आहेत. हिवाळ्यात सहालाच अंधार. तिथे मोटारसायकलवर टोळकी उभी असतात. दोघींची ट्यूशन घरच्यांनी त्यासाठीच बंद केली होती.

हे वाचून मी ताठ बसले. दिवा हा दिव्यापुरताच प्रश्न नव्हता. त्या अंधारात दोन मुलींचे गणित बुडत होते.

नगरसेवकाला भेटू, असे एकाने सुचवले. पण त्या काळात आमच्या नगरपरिषदेची मुदत संपलेली होती आणि प्रशासक कारभार पाहत होते. मुलांनी विचारले, पुस्तकात तर दर पाच वर्षांनी निवडणूक लिहिली आहे. मी सांगितले की ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचा वाद न्यायालयात असल्यामुळे राज्यभर अनेक ठिकाणी असेच झाले आहे. निवडणूक लांबली तरी काम थांबत नाही. महाराष्ट्र नगरपरिषदांचा 1965 चा कायदा आहे. त्यात सार्वजनिक रस्त्यांवर दिवाबत्ती करणे हे नगरपरिषदेचे बंधनकारक काम आहे, मर्जीचे नाही. म्हणून अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे करायचा.

मुलांनी अर्ज लिहिला. चांगला लिहिला. खांब कुठले, दिवे कधीपासून बंद, त्रास कुणाला. मी म्हटले, सगळ्यांनी खाली आपापली नावे घाला, सोमवारी शाळेत सह्या करा. एकोणीस नावे आली. मला फार अभिमान वाटला.

सोमवारी मधल्या सुट्टीत एक वडील शाळेत आले. रिक्षा फाटकाबाहेर लावलेली. खाकी शर्टाची वरची गुंडी लावत माझ्यापुढे उभे राहिले. आवाज अगदी खाली.

"मॅडम, आप पढ़ाते सो अच्छा है. लेकिन मेरी बच्ची का नाम उस कागज पे नक्को."

मी विचारले, "का, भाईजान? दिव्यासाठी साधा अर्ज आहे."

"तकरार है ना. तकरार में अपना नाम आया तो बाकी का कोई नहीं पढ़ता. नामच पढ़ते."

मग त्यांनी सांगितले. काही वर्षांपूर्वी स्टँडवर भाड्यावरून वाद झाला. पाच जण होते. चौकशीला पहिले बोलावणे यांना आले. काही निघाले नाही, संध्याकाळी घरी आले. पण तो दिवस घरातले कुणी विसरलेले नाही. मुलगी तेव्हा दुसरीत होती. दाराशी बसून राहिली होती.

माझ्याकडे उत्तर नव्हते. कलम 14 आहे, कलम 21 आहे, हे मी वर्गात सांगते. त्या माणसापुढे ते तोंडातून निघेना. आणि दुसरी गोष्ट त्याहून जास्त टोचली. हिंमत माझी होती आणि नावे मी मुलांची घातली होती. पंधरा वर्षांच्या मुलांच्या सह्या सरकारी अर्जावर घेण्याआधी त्यांच्या घरी एकदा विचारावे, हे मला सुचले नाही. मी त्यांची माफी मागितली. तो कागद त्यांच्यासमोर फाडला आणि म्हटले, "शनिवारी साडेआठला तुम्हीही बसा. ऐका. पटलं नाही तर मुलीला तासातून काढून घ्या."

त्या शनिवारी मी सगळ्या पालकांना निरोप दिला. पहिल्यांदाच माझ्या वर्गात अब्बा, अम्मी, एक दादी आणि एक मामू बसले होते.

मी फळ्यावर, म्हणजे वहीच्या पानावर, एकच शब्द लिहून कॅमेऱ्यासमोर धरला : तक्रार. मुलांना विचारले, उर्दूत याचा अर्थ काय? उत्तर आले, झगडा, हुज्जत. मराठीत? शिकायत. शब्द तोच, अरबीतून दोन्ही भाषांत आलेला, पण अर्थ वेगवेगळ्या वाटांनी गेला. घरात आपण 'तकरार मत करो' म्हणतो ते भांडू नको या अर्थाने. नगरपरिषदेच्या दारावर 'तक्रार निवारण' लिहिलेले असते ते तुमचे म्हणणे ऐकू या अर्थाने. आपण दार पाहतो मराठीत आणि घाबरतो उर्दूत.

दादी हसल्या. रिक्षावाले भाई काही बोलले नाहीत.

मग चॅटमध्ये एक ओळ आली. एका मुलाने लिहिली होती. "मॅडम, ये हक हमारे बी हैं क्या? सच बोलना."

पालक बसलेले होते. वर्ग शांत. हा प्रश्न मला दर वर्षी कुणीतरी विचारतो आणि दर वर्षी मी तो चटकन मिटवते : "हो, सर्वांना आहेत, पुढचा मुद्दा." त्या दिवशी मिटवता आला नाही. मी त्यालाच विचारले, "तुला असं का वाटलं?" त्याने सांगितले, मोठा भाऊ शिकायला मोठ्या शहरात गेला. तीन ठिकाणी खोली पसंत पडली, आगाऊ रक्कमही ठरली. नाव सांगितले आणि खोली 'आधीच दिलेली' निघाली.

मी त्याला खोटे सांगितले नाही. म्हटले, संविधानातले हे हक्क मुख्यतः सरकारने आपल्याशी कसे वागावे हे ठरवतात. कलम 15 मध्ये दुकान, हॉटेल, विहीर, रस्ता अशा ठिकाणी धर्म किंवा जातीवरून कुणाला अडवता येणार नाही, हेही आहे. पण कुणी आपली खोली कुणाला भाड्याने द्यावी, तिथे या हक्कांचा हात थेट पोचत नाही. तुझ्या भावाला जे झाले ते चूक आहे आणि प्रत्येक चुकीवर कायदा सापडतोच असे नाही. म्हणूनच उद्देशिकेत न्याय, स्वातंत्र्य, समता यांच्याबरोबर बंधुता लिहिली आहे. ती कोर्टात मागून मिळत नाही, माणसांत राहूनच मिळते.

मग सगळ्यांना एक काम दिले. वहीत दोन रकाने काढा. एकावर लिहा 'व्यक्ती', दुसऱ्यावर 'नागरिक'. कुठले कलम कुणासाठी आहे ते शोधा. पंधरा मिनिटांत उत्तरे आली. कलम 14, कायद्यापुढे समानता : व्यक्ती. कलम 21, जीवित आणि स्वातंत्र्य : व्यक्ती. कलम 25, धर्माचे स्वातंत्र्य : सर्व व्यक्ती. कलम 15 आणि 19 : नागरिक. कलम 29 मध्ये आपली भाषा, लिपी जपणारा नागरिकांचा कोणताही गट, आणि कलम 30 मध्ये धर्माच्या किंवा भाषेच्या आधारावर अल्पसंख्य असलेले सगळे, यांच्यासाठी तर तिसरा रकाना काढावा लागला. मी विचारले, "यात कुठे नाव विचारलं आहे?" कुठेच नाही. आणि हे लिहिणाऱ्यांत आपलीही माणसे होती. मौलाना आझाद होते. संविधान सभेतल्या पंधरा स्त्रियांमध्ये एकच मुस्लिम स्त्री होती, बेगम ऐजाज रसूल. अल्पसंख्याकांसाठी वेगळे मतदारसंघ नकोत, आपण सगळ्यांबरोबर उभे राहू, असे त्यांनी तिथे ठामपणे मांडले. मुलींना हे नाव नवे होते. मलाही बीएडपर्यंत ते कुणी शिकवले नव्हते.

40 मिनिटे संपली, तास आपोआप बंद पडला. दोन मिनिटांनी सगळे पुन्हा आले. असे कधी होत नाही.

तेव्हा एका मुलीने एक साधी गोष्ट सांगितली, जी मला किंवा कुणाही मोठ्याला सुचली नव्हती. "मॅडम, उस गल्ली में खाली हम ही थोड़े रहते." खरेच. त्या वळणावर एक किराणा दुकान आहे, एक शिंपी आहे, एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर काका राहतात, त्यांच्या शेजारी दवाखान्यात काम करणाऱ्या एक नर्सबाई. अंधार सगळ्यांच्याच दारात आहे. आम्ही मात्र अर्ज आमच्यापुरताच लिहून बसलो होतो.

अर्ज नव्याने लिहिला. या वेळी मुलांची नावे नाहीत. खाली गल्लीतल्या मोठ्या माणसांच्या सह्या. पहिली सही कंडक्टर काकांनी केली आणि म्हणाले, "इतके दिवस कुणी आलंच नाही माझ्याकडे." अकरा सह्या झाल्या. अकरावी रिक्षावाल्या भाईंची होती. अर्ज नगरपरिषदेत मीच देऊन येते, असेही ते म्हणणार का, याचा मला अंदाज नव्हता. पण त्यांनी तो कागद माझ्याकडून मागून घेतला.

पुढचे त्यांच्याच मुलीने वर्गात सांगितले. आवक विभागातल्या माणसाने कागद घेतला आणि म्हणाला, ठेवून जा. भाईंना मुलीने बजावून पाठवले होते. ते म्हणाले, "झेरॉक्सवर पोच द्या." साहेब जेवायला गेलेत, उद्या या. दुसऱ्या दिवशी शिक्का सापडत नव्हता. तिसऱ्या दिवशी शिक्का बसला, तारीख आणि आवक क्रमांक पडला. भाईंनी ती झेरॉक्स रिक्षाच्या परवान्याबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली.

पाच आठवड्यांनी दोन दिवे लागले. तिसरा लागला नाही. मुलांना वाटले, आपण हरलो. मी म्हटले, आता पुढचा धडा. 2005 चा माहिती अधिकार कायदा. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. तिसऱ्या दिव्याच्या दुरुस्तीबद्दल काय कार्यवाही झाली, हा एकच प्रश्न विचारायचा. अर्ज मुलीने लिहिला, सही वडिलांनी केली. अठ्ठाविसाव्या दिवशी उत्तर आले : खांबाची जमिनीखालची केबल खराब असून काम मंजुरीसाठी प्रस्तावित आहे.

हा लेख लिहिते आहे तोपर्यंत तो दिवा लागलेला नाही. पण त्या दोन मुली ट्यूशनला पुन्हा जाऊ लागल्या आहेत. चौकापासून दोन खांबांपर्यंत उजेड आहे, आणि तिसऱ्या खांबाशी कंडक्टर काकांनी स्वतःच्या ओसरीवरचा बल्ब रात्री नऊपर्यंत चालू ठेवायचे कबूल केले आहे. वीजबिल त्यांचे.

वाचक भावांनो आणि बहिणींनो, आपल्या पुष्कळ घरांत सरकारी कागद म्हणजे भीती, हे मला मान्य आहे. ती भीती उगाच आलेली नाही आणि तिला हसून चालणार नाही. पण भीतीपायी आपण जे हक्काने मागायचे तेही मागत नाही, आणि मुलांना वाटते की मागायचेच नसते. वाटेतली त्रासदायक वस्तू बाजूला करणे हेही सदका आहे, हे आपण मदरशात शिकतो. मग वाटेवरचा अंधार दूर करायला एक अर्ज लिहिणे यात वाईट ते काय?

या महिन्यात घरी बसून तीन कामे करून पाहा. मुलांनाच करू द्या, आपण शेजारी बसा.

एक, मतदार यादीत घरातल्या प्रत्येकाचे नाव शोधा. विशेषतः सुनांचे. नाव कसे छापले आहे तेही पाहा. दोन, घरातल्या सगळ्यांचे जन्मदाखले, शाळेचे दाखले, आधार एकापुढे एक ठेवा. शेख कुठे शैख झाला, वडिलांचे नाव कुठे अर्धे राहिले, ते वहीत लिहून काढा आणि वेळेवर दुरुस्त करा. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या बाळांसाठी तर जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागणार आहे. बाळ जन्मल्यापासून 21 दिवसांच्या आत नोंद करा, नाव विचार करून आणि नीट अक्षरांत लिहा. तीन, कुठलाही अर्ज दिलात तर पोच घ्या. पोच नसलेला अर्ज हा अर्ज नसतो, नुसता निरोप असतो. दाखल्यांसारख्या ठरावीक सेवांसाठी राज्यात 2015 चा लोकसेवा हक्क कायदा आहे. त्यात प्रत्येक सेवेची मुदत ठरलेली असते आणि मुदत टळली तर अपील करता येते. पोचेवरची तारीख तिथेच कामाला येते.

गेल्या शनिवारी तास संपता संपता रिक्षावाल्या भाईंनी माइक सुरू केला. मला वाटले, मुलीबद्दल काही असेल. ते म्हणाले, "मॅडम, स्टँड पे पीने का पानी नहीं है. अर्जी किसके नाम से लिखना?"

मी सांगायच्या आत त्यांच्या मुलीने सांगितले.

पुढच्या महिन्यात भेटू, इन्शाअल्लाह. खुदा हाफिज.